शुगरच्या गोळीने किडनी जाते का?

मधुमेहाच्या गोळ्यांनी किडनी खराब होते, या भीतीने अनेकजण औषध सोडतात. खरा घात करतात वाढलेली साखर आणि रक्तदाब. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. मात्र किडनीची गाळण्याची क्षमता दाखवणारा ईजीएफआर ३० च्या खाली गेला, की डॉक्टर ते बंद करतात. एम्पाग्लिफ्लोझिन तर किडनीची घसरण मंदावते. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढते, ते बहुधा घाबरण्याजोगे नसते. मार्च २०२५ मध्ये त्याचे पेटंट संपले आणि साठेक रुपयांची गोळी काही कंपन्यांनी दहाच्या आत आणली. पारशिवनीतल्या रुग्णालाही ती आता परवडू शकते. कोणाला द्यायची, हे क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन पाहून ठरते. ही तपासणी वर्षातून एकदा तरी हवी. लघवीची तर राहूनच जाते.