गाव उठवता येते, वसवायचे कोणी?

बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीच्या २७ कुटुंबांना जंगल सोडण्यासाठी कर्नाटक सरकारने प्रत्येकी १५ लाख रुपये कबूल केले आणि मे २०२५ मध्ये पहिल्या हप्त्याचे दहा लाखांचे धनादेश वाटले. गावकऱ्यांनी होकार दिला आहे, तेव्हा स्थलांतरालाच विरोध करण्यात अर्थ नाही. पण ही माणसे जाणार कुठे? बेळगावात जागा घेऊन घर बांधायचे म्हटले की पंधरा लाख कुठल्या कुठे जातात. उरते खानापूर. मलप्रभेकाठचे, विटा-कौलांच्या धंद्यावर नाव कमावलेले हे तालुक्याचे गाव. कणकुंबीपासून लोंढ्यापर्यंतच्या डोंगरपट्ट्याला दाखला, दवाखाना, बाजार, कॉलेज यांसाठी आधार तोच. या गावावर खर्च न करता जंगलातली गावे हलवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, नुसती उठाठेव.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम ४ नुसार अभयारण्याच्या अतिसंवेदनशील वन्यजीव क्षेत्रातून लोकांना हलवायचे तर ग्रामसभेची लेखी संमती हवी, आणि नव्या ठिकाणच्या सोयी व जमीनवाटप पूर्ण झाल्याशिवाय कोणाला हलवता येत नाही. सरकार म्हणेल, इथे सक्ती कुठे आहे, लोक आपणहून निघालेत. मान्य. पण २०२४ च्या पावसाळ्यात याच अभयारण्यातल्या आमगावच्या आजारी बाईला तात्पुरत्या डोलीत घालून, चिखल तुडवत खांद्यावरून रस्त्याला आणावे लागले. चार महिने वाट बंद, आजारी पडले की गावकऱ्यांचे खांदे हीच अँब्युलन्स. अशा ठिकाणचा होकार कितपत खुशीचा समजायचा?

मग गावे हलेपर्यंत तरी वाट द्या म्हटले, की दुसरा आक्षेप येतो वनप्रेमींचा: रस्ते दिले की जंगल तुटते. रुंद डांबरी रस्त्यांबाबत तो खराच आहे. मात्र याच कायद्याचे कलम ३(२) शाळा, दवाखाना, रस्ता अशा कामांना प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ झाडांपर्यंतची मर्यादा घालून वाट मोकळी ठेवते. अभयारण्यात वन्यजीव कायद्याखालची मंजुरी लागेल, ती मागावी. साकवाने वाघ पळत नाही.

राहिला मूठभर माणसांसाठी एवढा खर्च कशाला, हा सवाल. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा नविलुतीर्थाच्या धरणात अडवली जाते आणि तिचे पाणी हुबळी-धारवाड पिते. याच तालुक्यातून म्हादई गोव्याकडे जाते. तिच्या पाण्यासाठी तीन राज्ये लवादापुढे भांडली आणि २०१८ मध्ये कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी आले. पाण्याचा दशांशापर्यंत हिशेब होतो, तर ज्या डोंगरातून ते येते तिथल्या माणसांसाठी खानापुरात पावसाळाभर पुरेशा डॉक्टरांचा दवाखाना आणि मुलांसाठी वसतिगृह मागणे ही भीक नव्हे. पुढच्या गावाचा धनादेश फाडण्यापूर्वी सरकारने खानापुरातल्या जागांची आणि सोयींची यादी ग्रामसभेसमोर ठेवावी, आणि सीमाभागातल्या आमदार-खासदारांनी ती मागून घ्यावी.