मुलगा पुण्याला गेल्यावर सर्व्हर कोण बघणार?

कॉलेजचे निकाल लागले की हा प्रश्न येऊ लागतो: "भाऊ, व्हीपीएस घेतला, कोणतं लिनक्स टाकू?" (व्हीपीएस म्हणजे भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर.) विचारणारा बहुतेक वेळा सेवाग्राम किंवा वर्ध्याच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला असतो. साइट असते हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगची, आर्वीच्या कोचिंग क्लासची, नाहीतर समुद्रपूरकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीची. माझं उत्तर ठरलेलं आहे, डेबियन स्टेबल. त्याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

विचारणाऱ्याच्या डोक्यात वेगाचा हिशोब असतो. त्यात काही तथ्य नाही. एनजिनएक्स, पीएचपी, मारियाडीबी हे त्रिकूट कुठल्याही डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या कुठल्याही प्रकारावर, जवळपास सारखंच पळतं. खरी अडचण वेगळी आहे. सर्व्हर लावणारा हा मुलगा वर्ष-दीड वर्षात नोकरीसाठी पुण्याची हिंजवडी गाठणार. साइट इथेच राहणार, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या सर्व्हरवर कोणी लॉगिनसुद्धा करणार नाही. म्हणून जे डिस्ट्रो दुर्लक्ष जास्तीत जास्त सोसतं आणि जे नंतर येणाऱ्या माणसाला ओळखीचं वाटेल, ते आपलं. कपाशीचं वाण घेताना आपण पाकिटावरचं चित्र बघत नाही, शेजारच्या धुऱ्यापलीकडे गेल्या वर्षी काय टिकलं ते विचारतो. इथेही तेच करायचं.

एकेकाळी या प्रश्नाचं उत्तर सेंटओएस असं होतं. रेड हॅटच्या महागड्या लिनक्सची फुकट आवृत्ती, दहा वर्षांचा आधार, वर सीपॅनेल हे साइट सांभाळायचं पॅनेल टाकलं की झालं. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की २०२९ पर्यंत चालणार म्हणून लोकांनी घेतलेलं सेंटओएस ८ हे २०२१ च्या डिसेंबरअखेरीसच बंद होणार. त्याआधी वर्ष-दीड वर्ष आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतलेली होती. पुढे जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या आवृत्त्यांचा सोर्सकोड सर्वांसाठी उघडा ठेवणंही थांबवलं. फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल तक्रार कोणाकडे करणार? सेंटओएस ७ तेवढं ३० जून २०२४ पर्यंत रेटलं आणि मग तेही संपलं.

डेबियनला असा मालक नाही. इयान मरडॉक नावाच्या विद्यार्थ्याने १९९३ मध्ये ते सुरू केलं, १९९७ पासून त्याचा लेखी सामाजिक करार आहे, आणि ते चालवतात जगभरचे स्वयंसेवक. २०२३ ची त्यांची वार्षिक परिषद कोचीला भरली होती. ते विकत घ्यायचं तर कोणाकडून घ्यायचं, इथूनच सुरुवात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला तीन वर्षं पूर्ण आधार आणि त्यावर दोन वर्षं दीर्घ आधार आहे, म्हणजे २०३० पर्यंत निश्चिंती. (प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी'तल्या पात्राचं नाव असतं. हिचं नाव ट्रिक्सी. हसू नका.)

"पण त्यात सगळं जुनं असतं," हा नेहमीचा आक्षेप. असतं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेसचं काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडच्या लक्षात आलं की एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने पाठपुरावा केला तेव्हा एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कोणीतरी चोरदार बसवलेलं सापडलं. ते ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत होतं. डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या कच्च्या आवृत्तीत ते पोहोचलं होतं, डेबियन स्टेबलमध्ये नाही. जिनिंगच्या साइटला ताजेपणाची गरजच काय?

आता सर्व्हरच्या आत डोकावू. आपल्याकडे घेतला जातो तो सर्वांत स्वस्त व्हीपीएस, एक जीबी रॅमचा, आणि बरेचदा स्वॅप नसलेला. डेबियनवर अपाचे प्रीफोर्क पद्धतीने चालवलं तर एकाच वेळी १५० प्रक्रियांना मुभा असते. वर्डप्रेसची एक प्रक्रिया ४० एमबी धरली तरी बेरीज ६,००० एमबी होते. क्लासचा निकाल लागतो, पालक एकदम साइट उघडतात, रॅम संपते आणि कर्नल सगळ्यांत जाड्या प्रक्रियेचा बळी घेतो. तो असतो डेटाबेस. मग पडद्यावर डेटाबेसशी संपर्क होत नसल्याचा इंग्रजी निरोप झळकतो आणि दोष लिनक्सला मिळतो. दोन जीबीची स्वॅप फाइल करा, प्रक्रियांची मर्यादा १० वर आणा. डिस्ट्रो बदलून हा प्रश्न सुटत नाही.

देवनागरीचं दुखणं मात्र थेट जुन्या डिस्ट्रोशी जोडलेलं आहे. सेंटओएस ७ सोबत मारियाडीबी ५.५ येत असे आणि तिचा मूळ अक्षरसंच लॅटिन-१ होता. तिथे कोणी लक्ष न देता तक्ता बनवला की सभासदांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठायची, आणि ती परत अक्षरं होत नाहीत. आजच्या डेबियनवर मारियाडीबीचा मूळ अक्षरसंचच यूटीएफ-८ चा चार बाइटचा असतो. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाचं 'हिंदी समय' हे संकेतस्थळ पाहा, अख्खं साहित्य देवनागरीत. अशा जिल्ह्यात गावातल्या वाचनालयाची यादी प्रश्नचिन्हांत दिसावी, हे काही शोभत नाही.

आता अपवाद. सीपॅनेल हवंच असेल तर डेबियन विसरा, ते त्यावर चालत नाही. तिथे अल्मालिनक्स घ्या. सेंटओएसची पोकळी भरायला २०२१ मध्ये आलेलं हे डिस्ट्रो चांगलं निघालं आहे, आणि त्याच्या ९ व्या आवृत्तीला २०३२ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. एक जीबीच्या मशिनवर सीपॅनेलची हौस मात्र करू नका. आणि मुलाचा हात उबुंटूवरच बसलेला असेल तर उबुंटू एलटीएस चालेल, पाच वर्षांचा आधार आहे. फक्त एलटीएसच घ्या. मधल्या आवृत्त्या नऊ महिन्यांत संपतात, तोवर मुलाची पुण्यातली खोलीसुद्धा ठरलेली नसते.

एक कायदेशीर बाब सगळ्या डिस्ट्रोंना लागू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनीच आहे. डेबियनवर एनजिनएक्सच्या नोंदी मुळात रोज बदलतात आणि १४ दिवसांनी पुसल्या जातात. लॉगरोटेटच्या फाइलमध्ये तेवढा एक आकडा बदलायचा असतो, पण तो बदललेला क्वचितच दिसतो.

साइट चार पानांची असेल, पत्ता, फोन आणि गणपतीच्या शुभेच्छा एवढंच तिच्यावर असेल, तर मुळात व्हीपीएस घेऊच नका. साधं शेअर्ड होस्टिंग घ्या, डिस्ट्रोची काळजी त्यांना करू द्या. ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या पीसीवर साइट ठेवण्याचा विचार मे महिन्याच्या ४५ अंशांत आणि इथल्या विजेच्या भरवशावर करू नका.

ज्यांचा सर्व्हर आधीच चालू आहे त्यांनी या आठवड्यात एकदा लॉगिन करावं आणि 'होस्टनेमसीटीएल' ही आज्ञा द्यावी. उत्तरात सेंटओएस दिसलं तर साइट हलवायची तयारी सुरू करा. डेबियन किंवा उबुंटू दिसलं तर सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसण्याची सोय चालू आहे का ते बघा. मग एका कागदावर डिस्ट्रोचं नाव, आधार संपण्याची तारीख, व्हीपीएसचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे आणि बिल कोणाच्या कार्डावरून जातं हे लिहा. खातं त्या मुलाच्या ईमेलवर असेल तर तो इथे आहे तोवर संस्थेच्या नावावर करून घ्या. आणि कागद अध्यक्षांकडे देऊ नका, लिपिकाच्या फाइलला लावा.