फोटो हलके करा, मगच साइटवर टाका

झाशीला येणारे बरेच मराठी पाहुणे रेल्वेने येतात. धावत्या गाडीत नेट येतं-जातं. नेमकं तेव्हाच ते खोली शोधतात, राणीमहाल कधी उघडतो ते बघतात, १८४२ साली लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं ते गणेश मंदिर शहरात कुठे आहे ते पाहतात. आणि तुमचं पान काही उघडत नाही.

झाशीत खोल्या देणारे, गाइड, उत्सवाचे फोटो टाकणारी मंडळं, सगळ्यांना कळकळीची विनंती: मोबाइलवर काढलेला फोटो जसाच्या तसा चढवू नका. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, वजन तीन-चार एमबी. असे २० टाकले की पान ६०-८० एमबीचं झालं. बघणाऱ्याच्या मोबाइलची रुंदी जेमतेम हजार-दीड हजार पिक्सेल. बाकीचा डेटा त्याच्या पॅकमधून फुकट जातो. पानावर फोटोची चौकट लहान केली म्हणून फसू नका, फाइल अख्खीच उतरते.

रुंदी १६०० पिक्सेलवर आणा, जेपेगची क्वालिटी ७५-८० ठेवा. बहुतेक फोटो दोन-चारशे केबीत बसतात. किल्ल्याच्या दगडी तटाचा फोटो बारीक तपशिलामुळे जरा जड राहील, राहू द्या. गूगलने २०१० साली आणलेला वेबपी हा फोटोचा फॉरमॅट वापरलात तर फाइल सहसा आणखी पाव हिश्शाने उतरते, आणि आजचे ब्राउझर तो दाखवतात. स्क्वूश हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. मूळ आणि हलका फोटो शेजारी-शेजारी दिसतात, त्यामुळे किती दाबायचा ते डोळ्यांनीच ठरवता येतं. पीएनजी लोगो-नकाशापुरतं ठेवा.

साइट बनवणाऱ्याला सांगा, खालचे फोटो वाचक तिथवर पोचल्यावरच उतरू देत. सगळ्यात वाईट म्हणजे खोलीचं भाडं आणि फोन नंबर फोटोतच लिहिणं. नेट रखडलं की भाडंही दिसत नाही, नंबरही नाही. ही माहिती पानावर साध्या अक्षरांत टाइप करा.

मूळ फोटो मात्र पुसू नका. जेपेग पुन्हा-पुन्हा दाबून सेव्ह केला की दर वेळी थोडा बिघडतो, म्हणून हलकी प्रत नेहमी मूळ फोटोवरूनच काढा. राणीमहालातल्या रंगवलेल्या छताचा आज टिपलेला फोटो उद्या डागडुजी करणाऱ्याला लागू शकतो, आणि त्याला तो पूर्ण आकारातच हवा असेल.