पॅरिसची घराणी आणि वारशाचे स्तोम

पॅरिसमधील एखाद्या थोर वस्त्रघराण्यावर नवा रचनाकार नेमला गेला, की त्याच्या पहिल्या प्रदर्शनानंतर एकच प्रश्न विचारला जातो : याने घराण्याचा वारसा राखला की नाही? प्रश्न विचारणारे बहुधा सभ्य, अभ्यासू आणि जुन्याची आवड असलेले लोक असतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणे हे उगाच उद्धटपणाचे वाटते. तरीही तो घातला पाहिजे. कारण हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, आणि तो सतत विचारला गेल्यामुळे ज्या कलेची राखण करण्याचा आव आणला जातो तिचाच गळा आवळला जात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम ही कला म्हणजे काय ते पाहू. फ्रेंच लोक जिला ‘ओत कुत्यूर’ म्हणतात ती केवळ महागडी शिलाई नव्हे. 1945 पासून हे नाव फ्रान्समध्ये कायद्याने राखलेले आहे. ते लावायचे तर घराण्याचे स्वतःचे शिवणघर पॅरिसमध्ये असावे लागते, वर्षातून दोनदा नवे वस्त्रसंभार मांडावे लागतात, आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर बेतून, पुनःपुन्हा घालून पाहून कपडा तयार करावा लागतो. आधी कोऱ्या मांजरपाटासारख्या कापडाचा नमुना टाचण्यांनी अंगावर बसवायचा, तो उसवायचा, पुन्हा बसवायचा आणि मगच रेशमाला कात्री लावायची, अशी ही रीत आहे. गंमत अशी की या पॅरिसच्या कलेचा आद्य पुरुष चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्रज होता. पॅरिसच्या या घराण्यांची वंशावळ पहिल्या पिढीपासूनच परक्या रक्ताची आहे.

आता वारसदारांचा लाडका दाखला घेऊ, तो म्हणजे ख्रिस्त्यां दिओर. 12 फेब्रुवारी 1947 रोजी अव्हेन्यू माँतेन्यवरील घरात त्याने पहिला संभार मांडला. चिमटलेली कंबर, भरीव नितंब, आणि लढाईनंतरच्या टंचाईच्या दिवसांत एकेका झग्याला अनेक वार कापड. अमेरिकन संपादिका कार्मेल स्नो हिने त्याला ‘न्यू लुक’ म्हटले आणि तेच नाव जगभर झाले. त्या संभारातील पांढुरके जाकीट व काळा घेरदार झगा ही जोडी ‘बार’ या नावाने ओळखली जाते. तेव्हापासून दिओरच्या गादीवर बसणारा प्रत्येक जण या जाकिटाला एकदा तरी नमस्कार करतोच. आणि नमस्कार किती वाकून केला यावर त्याची निष्ठा मोजली जाते.

पण स्वतः दिओरने काय केले? दर सहा महिन्यांनी त्याने आपलीच रेषा मोडली. 1954 मध्ये ‘एच’ रेषा आणून त्याने छाती-कंबरेचा तो सारा उठाव सपाट केला. 1955 मध्ये आधी ‘ए’ आणि मग ‘वाय’ आणली. ज्या कंबरेची आज देव्हाऱ्यात पूजा चालते ती तिच्या जनकानेच सात वर्षांत उतरवून ठेवली होती! 24 ऑक्टोबर 1957 रोजी तो वारला. त्याच्या गादीवर आलेला एकवीस वर्षांचा ईव्ह सँ लोराँ याने जानेवारी 1958 मध्ये समलंब चौकोनासारखा, खांद्यातून सरळ खाली फाकत जाणारा झगा आणला. कंबर पार नाहीशी. घराण्याच्या सज्जाखाली जमलेल्या गर्दीने त्याचा जयजयकार केला. त्या दिवशी वारसा मोडला असे कुणाला वाटले नाही. उलट 1960 मध्ये त्याच सँ लोराँने रस्त्यावरच्या तरुणांची काळी चामडी जाकिटे या उंची शिवणघरात आणली, तेव्हा मात्र घराणे बिथरले. त्याच वर्षी त्याला सैन्यात बोलावणे आले आणि त्याच्या जागी मार्क बोआँ हा गृहस्थ आला. तो 1989 पर्यंत टिकला. तीस वर्षे त्याने नीटनेटके, सुंदर, कुणालाही न दुखावणारे कपडे केले. आज त्यातील किती आठवतात? आणि सँ लोराँची ती काळी जाकिटे मात्र प्रत्येक इतिहासकाराला आठवतात.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना बदलीच्या जागी रुजू होण्याचा अनुभव आहे. पूर्वाधिकाऱ्याच्या टिपणीखाली ‘पूर्वप्रथेप्रमाणे’ असा शेरा मारून सही करणे किती सोपे असते आणि त्यामुळे पूर्वाधिकाऱ्याचा मान कितीसा राखला जातो, हे त्यांना सांगायला नको. बोआँची कारकीर्द म्हणजे तीस वर्षांचा एक शेरा होता, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. थोडा अन्याय होत असेल तर होवो.

प्रतिपक्षाकडे एक खरा मुद्दा आहे, तो टाळणे योग्य होणार नाही. ते म्हणतात, नावीन्याच्या नावाखाली जर काहीही चालणार असेल, तर जुन्या घराण्याची पाटी तरी कशाला? नव्याने नवे दुकान काढावे! हे म्हणणे मला पटते. एवढेच नव्हे, ते ज्याने आचरणात आणले तो या क्षेत्रातला सर्वांत प्रामाणिक पुरुष होता असे मी मानतो. क्रिस्तोबाल बालेन्सिआगा या स्पॅनिश उस्तादाने 1968 मध्ये आपले पॅरिसचे घर बंद केले. वारस नेमला नाही, गादी ठेवली नाही. श्रीमंत गिऱ्हाइके हवालदिल झाली. त्याने दार लावून घेतले. चार वर्षांनी तो वारला.

मग नाव कशासाठी जिवंत ठेवतात? याचे उत्तर शिवणघरात नाही, अत्तराच्या बाटलीत आहे. अंगावर बेतलेले हे कपडे जगात थोड्याच स्त्रिया घेतात. त्यांच्यावर घर चालत नाही. घर चालते ते अत्तर, ओठरंग, पिशव्या यांवर, आणि या वस्तूंना हवा असतो एक आटोपशीर भूतकाळ, ज्याची ओळख बाटलीवर छापता येईल. 1984 मध्ये बेर्नार आर्नो यांनी बुसाकचा बुडता कापड-उद्योग घेतला तो त्यात दिओर होते म्हणून. ‘वारसा’ हा शब्द तेव्हापासून मालकांच्या तोंडी फार बसला. समीक्षकांनी तो त्यांच्याकडून उसना घ्यावा, याचे मात्र आश्चर्य वाटते.

शानेलचे उदाहरणही असेच उलटे आहे. 1939 मध्ये बंद केलेले घर तिने 1954 मध्ये, सत्तरीत, पुन्हा उघडले. पॅरिसच्या पत्रांनी ‘हे तर जुनेच’ म्हणून नाके मुरडली, अमेरिकनांनी डोक्यावर घेतले. म्हणजे जुने आणले तेव्हा ती हिणवली गेली. 1983 मध्ये कार्ल लागरफेल्ड आला, त्याने तिच्या जाकिटाची, साखळ्यांची, मोत्यांची बेधडक थट्टा आरंभली, आणि घर तरले. पुढे त्या थट्टेचाच साचा झाला हेही खरे.

आणि बालेन्सिआगाचे बंद दार? ते 2021 मध्ये, त्रेपन्न वर्षांनी, देम्ना नावाच्या जॉर्जियन रचनाकाराने उघडले. जुनी दालने पूर्ववत सजवली, उस्तादाच्या काळातल्यासारखे संगीताविना, शांततेत प्रदर्शन केले, आणि त्या शांततेत चालत आली ती जीनची विजार. कित्येकांना ती विटंबना वाटली. मला तसे वाटत नाही. मानेपासून अलगद मागे सरलेली ती कॉलर, पाठीत हवा खेळवणारा तो बेत, हे उस्तादाचे खरे धन त्या कपड्यांत होते. कात्रीची समज वारशाने येते, आणि ती जिच्यावर चालवायची ती वस्तू प्रत्येक पिढीने आपापल्या रस्त्यावरून उचलायची असते. देम्नाच्या इतर चाळ्यांचा मी चाहता नाही; पण त्या दिवशी तो योग्य वाटेवर होता.

म्हणून माझे म्हणणे असे, की राखायचे असेल तर हात राखा. कोरा नमुना टाचणारी, अस्तर हाताने बसवणारी, ज्यांना फ्रेंच लोक ‘चिमुकले हात’ म्हणतात ती माणसे राखा. जाकीट संग्रहालयात सुखी आहे.

आणि हे हात सारेच पॅरिसमध्ये नाहीत. 30 मार्च 2023 रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी दिओरचे प्रदर्शन झाले, ते मारिया ग्राझिया क्युरी यांच्या कारकिर्दीत. मुंबईच्या ‘चाणक्य’ या भरतकामाच्या कारखान्याशी त्यांचा जुना संबंध; 2022 च्या जानेवारीतील उंची संभाराच्या वेळी पॅरिसच्या भिंतींवर माधवी आणि मनू पारेख यांच्या चित्रांवरून केलेले भरतकाम टांगले होते, तेही तेथलेच. त्या वेळी हे नाव उघडपणे घेतले गेले, ही सौजन्याची आणि दुर्मीळ गोष्ट. एरवी आरीने टिकल्या-मणी जडवणारा कारागीर आपल्याकडे बसतो आणि कपड्याच्या चिठ्ठीवर शेवटची मोठी प्रक्रिया जेथे झाली त्या देशाचे नाव येते. युरोपच्या नियमांत ते बसतेही. घराण्याच्या वारशात 1947 चे जाकीट धरले जाते, संस्थापकाची आवडती फुले धरली जातात, त्याचे राहते घरसुद्धा धरले जाते. कारचोबावर वाकलेला हा माणूस त्या यादीत कोणत्या रकान्यात येतो, ते वारशाच्या कैवाऱ्यांनी एकदा सांगावे.