बाळ लावणीला गेला

दिवाळी अंकातले हे पान फराळ, पाहुणे आणि बोनस यांच्यापलीकडे जाऊ नये, असा एक अलिखित संकेत आहे. आजवर मी तो इमानाने पाळला. बिघडलेल्या चकलीवर तर इतक्यांदा लिहिले की आमच्या सौभाग्यवतींनी मला भाजणीच्या डब्याजवळ येण्याची बंदी केली आहे. यंदा मात्र चकलीच्या आधी घरात तांदळाचा विषय निघाला. ‘कापणी दिवाळीच्या सुमारास आहे, तुमच्यासाठी किती किलो ठेवू?’ असा मावळातून अण्णांचा निरोप आला, आणि तांदळावरून गोष्ट बाळवर गेली. तेव्हा वाचकांनी या खेपेला सांभाळून घ्यावे.

बाळ म्हणजे माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. वय वर्षे तेवीस. उंचीने माझ्यापेक्षा चार बोटे जास्त, मिशा माझ्यापेक्षा दाट. पण जन्मापासून त्याची बुद्धी शरीराच्या मागून सावकाश चालत आली, म्हणून तो अजून बाळच. अशा मुलांना काय म्हणावे याबद्दल आपल्या भाषेने बरीच कपडेपालट केली आहे. आधी वेडसर, मग मतिमंद, मग गतिमंद, मग विशेष, आता दिव्यांग. मराठी शिकवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्याने प्रत्येक नव्या शब्दाचे मी स्वागत केले. ताईने एकाचेही केले नाही. ती म्हणते, “शब्द बदलला की लोक आठवडाभर नीट वागतात.”

अठरा वर्षांचा होईपर्यंत बाळ शाळेत जात असे. शाळा चांगली होती, बाई मायाळू होत्या. पण अठराव्या वर्षी निरोपसमारंभ झाला, हातात गुलाबाचे फूल आणि पेढ्याचा पुडा मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून जायला जागा उरली नाही. पाच वर्षे तो तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून बसगाड्या पाहत होता. वजन वाढले, चिडचिड वाढली. मेव्हणे २०१७ सालीच गेले. ताई भाजी चिरताना, मान वर न करता, मधूनच विचारायची, “माझ्यामागे याचं काय रे?”

मी म्हणायचो, “असं काय बोलतेस? आम्ही आहोत ना!”

यावर ती काही बोलत नसे, आणि का बोलत नसे हे मला ठाऊक होते. आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती तेव्हाची गोष्ट. कॉलेजातले प्राध्यापक, संस्थेचे पदाधिकारी, सगळे यायचे होते. बाळ मोठ्याने हसतो, अनोळखी माणसाच्या खिशाला हात लावतो. मी ताईला बाजूला घेऊन म्हटले, “पाहुणे जाईपर्यंत बाळला आतल्या खोलीत ठेवलंस तर बरं.” ती त्याला घेऊन आत गेली. दोघांची ताटेही आतच गेली. पाहुणे रात्री नऊपर्यंत होते. त्या दिवसाविषयी आम्ही भावाबहिणींनी पुन्हा कधी चकार शब्द काढलेला नाही. हे पान ती वाचतेच, तेव्हा आज काढतो आहे.

असो. अण्णा हे मेव्हण्यांचे आतेभाऊ. कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर पवन मावळातल्या वडिलार्जित साडेतीन एकरांवर जाऊन राहिले. दोन गाई, दहाबारा कोंबड्या, थोडा भाजीपाला, बाकी भात. त्यांची मुलगी बाळसारखीच, त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. शहरातल्या ब्लॉकमध्ये ती भिंतीवर डोके आपटून घ्यायची. गोठ्यात आल्यावर ते थांबले. मग कुणा ओळखीच्यांनी आपला मुलगा आठ दिवस पाठवला, मग आणखी कुणी. आता तिच्यासकट चौघे आहेत. पाट्या नाहीत, पावतीपुस्तक नाही. महिन्याचा राहण्याजेवण्याचा खर्च घेतात. मी जरा आडून विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, “मास्तर, फुकट ठेवायला मी काय संत आहे? पेंडीचं पोतं आणायला पैसे लागतात.”

जुलैत पंधरा दिवस बाळला ठेवून पाहायचे ठरले. लोकलने कामशेत, तिथून जीप. मी दोन दिवसांची किरकोळ रजा काढून गेलो. ताईने बरोबर एक वही नेली होती. बाळ काय खातो, कशाला घाबरतो, रात्री कोणते औषध, अशी अठरा पाने. वहिनींनी ती आदराने घेतली, औषधाचे पान फाडून भिंतीला चिकटवले आणि बाकीची वही फळीवर ठेवून दिली. मग विचारले, “ह्याचं पाळण्यातलं नाव काय?” ताईने सांगितले. त्या दिवसापासून तिथे त्याला त्याच नावाने हाक मारतात. ते नाव त्याचे असल्यामुळे मी इथे छापत नाही, पण ते ऐकून मला क्षणभर हा कोण, असेच वाटले.

आता थोडे शेतीविषयी. माझे शेतीचे ज्ञान कवितेतून आलेले, म्हणजे त्यात पाऊस भरपूर आणि चिखल कमी. अण्णा भात लावतात ते चारसूत्री पद्धतीने. डॉ. ना. कृ. सावंत या कृषिशास्त्रज्ञांनी ती बसवून दिली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख घालायची हे पहिले सूत्र. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा हे दुसरे. तिसरे म्हणजे खुणा केलेली दोरी ताणून रोपे मोजक्या अंतरावर लावायची. एक अंतर १५ सेंटीमीटरांचे, पुढचे २५चे, पुन्हा १५चे, असे आडवे आणि उभे. एका जागी लावलेल्या दोनतीन रोपांना चूड म्हणतात. अशा रीतीने चार चुडांचा एक लहान चौकोन तयार होतो. चौथे सूत्र त्या चौकोनाचे. युरिया आणि डीएपी यांची दाबून केलेली खताची गोळी मिळते. ती प्रत्येक चौकोनाच्या मधोमध, बोटभर खोल, चिखलात खोचायची. वरून फेकलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते. खोचलेली गोळी मुळांना हळूहळू पुरते, आणि खतही कमी लागते.

काम सोपे आहे आणि कंटाळवाणे आहे. दिवसभर वाकून पाठ मोडली की संध्याकाळी चांगल्या कामकऱ्याचेही चौकोन सुटतात. पिकात मग हिरव्यामध्ये पिवळे पट्टे दिसतात.

आमच्या बाळला चारपर्यंत आकडे येतात. पाचवर गाडी अडते. शाळेने तो दहापर्यंत जावा म्हणून सात वर्षे मणी, काड्या, चित्रे, सगळे करून पाहिले. दर वर्षीच्या प्रगतिपुस्तकात ‘चारपर्यंत मोजतो’ हे एकच वाक्य वेगवेगळ्या शाईत लिहिलेले आहे. पहिल्या दिवशी त्याने टोपलीतल्या सगळ्या गोळ्या एकाच ठिकाणी पुरल्या आणि विजयी मुद्रेने वर पाहिले. अण्णांनी त्या उकरून काढल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी त्याच्याबरोबर वाकून चालल्या. एक, दोन, तीन, चार, आणि मध्ये गोळी. एक, दोन, तीन, चार, आणि मध्ये गोळी. तिसऱ्या दिवशी त्या बांधावर जाऊन बसल्या. चौथ्या दिवशी मी पुण्यात तासाला उभा असताना अण्णांचा फोन आला. म्हणाले, “मास्तर, पोरगा एक चौकोन सोडत नाही. दुसऱ्याचा सुटला तर परत जाऊन भरतो. जेवायला हाक मारली तर येत नाही, ही एक पीडा आहे.”

इथे गोष्ट संपवता आली असती तर फार छान झाले असते. पण नवव्या दिवशी बाळने बांध फोडला. पाणी खाली पडताना आवाज येतो, तो त्याला आवडतो. वरच्या खाचरातले पाणी खालच्या शेजाऱ्याच्या रोपवाटिकेत शिरले आणि रोपे आडवी झाली. तो रविवार होता. ताई आणि मी नेमके तेव्हाच पोहोचत होतो. अण्णांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. “अक्कल गहाण ठेवली होती का? लोकाचं रोप बुडवलंस!” बाळ मान खाली घालून उभा. अण्णांनी त्याच्या हातात फावडे दिले आणि स्वतः गुडघाभर चिखलात उतरून त्याच्याकडून बांध पुन्हा बांधून घेतला. शेजाऱ्याला आपल्याकडची रोपांची जुडगी मोजून दिली. तीही बाळनेच डोक्यावरून नेली.

ताई पडवीत बसून रडत होती. मी म्हटले, “चल, घेऊन जाऊ याला. एवढं बोलायचं काही कारण नव्हतं.”

तिने डोळे पुसले. “हे गेल्यापासून याच्यावर असं कुणी ओरडलंच नव्हतं रे. सगळे आपले असू दे, असू दे. चुकलास असं कुणी म्हणतच नव्हतं त्याला.”

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. आणि मी, अडचण आली की ग्रंथालय गाठणाऱ्या जातीचा, वाचायला बसलो. बेल्जममध्ये गेल नावाचे गाव आहे. डिम्फ्ना नावाच्या संतिणीचे ते ठाणे, मनोरुग्णांची ती कैवारीण. मध्ययुगात लोक आपली वेडी-भोळी माणसे तिथल्या देवळात आणत. देवळातली जागा पुरेना, तेव्हा आसपासचे शेतकरी त्यांना घरी ठेवून घेऊ लागले. पाहुणा शेतात हात लावी, त्याच ताटात जेवी. ही चाल शेकडो वर्षे चालली. १८५० साली सरकारने तिच्यावर देखरेख बसवली. १९३८ साली त्या एका गावात ३,७३६ असे पाहुणे घरोघर राहत होते. आता ती संख्या फार खाली आली आहे, पण चाल मोडलेली नाही. त्यांना तिथे रुग्ण म्हणत नाहीत. जो शब्द वापरतात त्याचा अर्थ ‘जेवून राहणारा’. मला एकदम आपल्या पुण्यातले वार लावून जेवणारे विद्यार्थी आठवले. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी लेल्यांकडे. आपल्या आजोबांच्या पिढीत कितीतरी पुढे आलेली माणसे लोकांच्या पंक्तीला वाढली.

कार्ल कोनिग हा व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ. १९३८ साली नाझींच्या तावडीतून निसटून स्कॉटलंडात आला आणि १९४० साली अ‍ॅबर्डीनजवळ कॅम्पहिल या जागी अशा मुलांबरोबर राहू लागला. पुढे मुले मोठी झाली, म्हणजे आमच्याच खिडकीतला प्रश्न आला, आणि १९५५ साली यॉर्कशरमध्ये बॉटन हे प्रौढांचे शेतकी खेडे सुरू झाले. आपल्याकडे बाबा आमटे १९५१ साली वरोड्याजवळच्या खडकाळ माळावर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन गेले. पुढे त्या आनंदवनात अंध, मूकबधिर, अपंग, सगळ्यांनाच काम मिळाले. ही मोठी नावे आहेत. अण्णांपुढे घेतली तर ते म्हशीसारखे बघतील.

गेलविषयी मी ताईला सांगितले तेव्हा तिने एकच गोष्ट नीट ऐकून घेतली. तिथे घरची म्हातारी गेली की पाहुणा तिच्या लेकीकडे वा सुनेकडे राहतो, घराबरोबर वारशाने जातो. ती म्हणाली, “आणि अण्णांनंतर?” अण्णा साठीच्या पुढे आहेत. त्यांचा मुलगा चिंचवडला नोकरी करतो, शनिवारी येतो, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याला मी विचारले. तो म्हणाला, “बघू काका.” यापेक्षा जास्त तो बोलला नाही, आणि मला तो खोटे बोलणाऱ्यांपेक्षा बरा वाटला.

एक गोष्ट मात्र ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी ध्यानात ठेवावी. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईबाप त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. आईलाही अर्ज करता येतो, दुसऱ्या नातेवाइकाचेही नाव देता येते. ज्याचे नाव द्यायचे त्याची संमती लागते.

जुलैच्या अखेरीस ताईने तो कागद माझ्यापुढे ठेवला होता. “आम्ही आहोत ना, म्हणतोस. मग इथे लिहून दे.” मी तो टेबलाच्या खणात ठेवला. परीक्षांचे काम होते, मग गणपती होते, मग पेपर तपासायचे होते. खरे कारण मला माहीत होते, सौभाग्यवतींनाही होते. सही मी गेल्या रविवारी केली. अडीच महिने लागले, तेही लिहून ठेवतो.

तांदूळ वीस किलो सांगितला आहे. भात निसवून आता दाणा भरतो आहे आणि अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे खालच्या खाचरात पिवळा पट्टा एकही नाही. भाऊबीजेला ताई आमच्याकडे येणार. बाळला पाडव्यापासून चार दिवस घरी पाठवा, असा तिने निरोप धाडला होता. अण्णांनी उलट कळवले की कापणीच्या दिवसांत माणूस सोडता येत नाही. भाऊबीजेचा एक दिवस मिळेल, तोही संध्याकाळच्या गाडीने परत येण्याच्या अटीवर. “दिवाळीला पोराला सुट्टी देत नाहीत म्हणजे काय हे!” असे ताई मला फोनवर तीनदा म्हणाली, आणि तीनही वेळा तिला हसू आवरत नव्हते.