परीक्षा कायद्याची, शिकवणी इंग्रजीची

माझ्या भाचीला वकील व्हायचे आहे हे घरात पहिल्यांदा कळले ते एका समन्समुळे. उदगीरला मेहुण्यांचे वेल्डिंगचे दुकान आहे, भाड्याच्या जागेत. जागामालकाने जागा खाली करण्याचा दावा लावला आणि कोर्टाचा बेलिफ कागद देऊन गेला. मेहुणे घाबरले. आपाने मला फोन केला. मी पुण्याहून पोहोचेपर्यंत दहावीतल्या पोरीने वादपत्राची सगळी पाने वाचून काढली होती. वादी काय म्हणतो, कोणत्या महिन्यांचे भाडे थकले असे म्हणतो, तीस दिवसांत लेखी जबाब द्यावा लागतो, हे तिने वडिलांना समजावूनही सांगितले होते. आणि पत्र्याच्या पेटीतून भाडेपावत्या काढून दाखवले होते की थकले म्हणून लिहिलेल्या महिन्यांपैकी दोन महिन्यांच्या पावत्या आपल्याकडे आहेत. आम्ही नेमलेल्या वकीलसाहेबांना ते दुसऱ्या तारखेला सांगावे लागले.

वादपत्र मराठीत होते. म्हणून हे जमले. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, १९९८ पासून कायद्याने आहे. पोरगी मराठी शाळेत शिकली, घरात आम्ही दखनी बोलतो, कुराण अरबीत वाचते आणि विचार, मला वाटते, मराठीत करते. (‘तुमचं मराठी किती छान आहे हो,’ हे वाक्य ती आताच ऐकू लागली आहे. मला पन्नास वर्षे झाली ऐकून. सवय होते.)

बारावीला तिने ठरवले, लॉ करायचे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम. आणि नुसते लॉ नाही, राष्ट्रीय विधी विद्यापीठ. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, अशी तीन आहेत. प्रवेश क्लॅट या परीक्षेवर. अर्जाचेच चार हजार रुपये. पुढे प्रवेश मिळाला तर फी आणि वसतिगृह मिळून वर्षाला काही लाख, ते वेगळेच.

आता क्लास शोधा. लातूर आम्हाला जवळ. लातूर पॅटर्नचे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत. डॉक्टर व्हायचे असेल, इंजिनीअर व्हायचे असेल तर तिथे गल्लोगल्ली क्लास. आम्ही दोन दिवस फिरलो, क्लॅटची एकही बॅच मिळाली नाही. एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलाने विचारले, ‘त्याला नीट चालत नाही का?’ शेवटी ऑनलाइन क्लास घेतला, अडतीस हजार रुपये भरून. मी भरले. मेहुण्यांचे धंद्यातले दिवस तेव्हा बरे नव्हते, आणि दुकानाच्या दाव्याचा खर्च चालूच होता.

क्लास म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. शिकवणारी मुले हुशार, झरझर इंग्रजी बोलणारी, मध्येच इंग्रजी मालिकांतले विनोद करणारी. भाची व्हिडिओ थांबवून थांबवून बघायची. तासाभराचा व्हिडिओ तिला अडीच तास पुरायचा. तीन महिन्यांनी सराव परीक्षेत एकशेवीसपैकी एकतीस गुण. म्हणाली, ‘मामू, समजता है मेरेकू, पन टाइम नै पुरता.’

मला वाटले पोरगी कारण सांगते आहे. मी स्वतः तो पेपर घेऊन बसलो. त्याची रचना अशी. दोन तास, एकशेवीस प्रश्न. २०२० पासून सगळे प्रश्न उताऱ्यावर. साधारण साडेचारशे शब्दांचा एकेक उतारा, त्याखाली प्रश्न. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा, तर्क, आणि थोडे गणित. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही असे परीक्षा घेणारे सांगतात, आणि ते खरेच आहे. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो दिलेल्या प्रसंगाला लावून दाखवायचा. म्हणजे भाचीने दहावीत वडिलांच्या वादपत्राचे जे केले, नेमके तेच. फरक इतकाच की मिनिटाला एक प्रश्न, आणि सगळे इंग्रजीत. कायद्याचे पूर्वज्ञान नको, पण इंग्रजीचे दहा-बारा वर्षांचे पूर्वज्ञान हवे, हे मात्र माहितीपत्रकात कुठे लिहिलेले नाही.

माझे मत हेच आहे, आणि मी ते स्पष्टच मांडतो. या परीक्षेच्या शिकवणीत जे विकले जाते त्यात कायदा फार थोडा. विकली जाते ती इंग्रजी वाचण्याची गती. ज्याच्या घरात इंग्रजी पेपर येतो, त्याला ती घरबसल्या फुकट मिळालेली असते. ज्याच्या घरात येत नाही त्याने ती बाजारातून घ्यायची, आणि तीही एका वर्षात.

क्लास सोडला. कुणीतरी एका तरुण वकिलाचे नाव सांगितले. तो स्वतः अशाच विद्यापीठातून शिकलेला, आठवड्यातून दोन संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर एकटीला शिकवायला तयार झाला. तासाला पाचशे रुपये. पहिला महिना त्याने प्रश्नपत्रिका उघडलीच नाही. रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख वाचायला लावायचा आणि त्याचे सार एका वाक्यात सांग म्हणायचा. मराठीत. भाची आधी लाजली. तो म्हणाला, तुला मराठीत सांगता आले म्हणजे तुला समजले, इंग्रजीत पाठ म्हणून दाखवलेस तर मला काय कळणार? चौथ्या महिन्यात तिचे गुण सत्तरीत गेले. त्या चार महिन्यांत तिची बुद्धी तर काही दुप्पट झाली नव्हती.

त्या शिकवणीतली एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. सरावाला पोटगीवरचा उतारा होता, शहाबानो खटल्याचा संदर्भ असलेला. पाच प्रश्न. मला वाटले, हे तर आपल्या घरचेच, पाचही येतील. चार चुकले. तिने उताऱ्यातल्या नियमावरून उत्तरे दिलीच नव्हती. दस्तरखानावर, लग्नाकार्यात, मोबाइलवर जे ऐकले होते त्यावरून दिली होती. शिक्षक शांतपणे म्हणाला, ‘तुला काय वाटतं ते इथे कुणी विचारलेलं नाही. उताऱ्यात काय लिहिलंय तेवढंच सांग.’

मी शेजारच्या खोलीत होतो आणि मलाच कुणी बोलल्यासारखे वाटले. १९८५ मध्ये निकाल आला तेव्हा मी आठवीत होतो. मोर्चे पाहिले, घोषणा ऐकल्या, पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला तेव्हा मोठ्यांची चर्चा ऐकली. दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारी शेकडो माणसे पुढे भेटली, मीही त्यांतलाच एक. मूळ निकाल मात्र मी पहिल्यांदा पूर्ण वाचला तो त्या आठवड्यात, भाचीबरोबर, शब्दकोश घेऊन. मॅजिस्ट्रेटने त्या बाईला महिना पंचवीस रुपये दिले होते, हायकोर्टाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि त्याविरुद्ध नवरा सुप्रीम कोर्टात गेला. नवरा स्वतः वकील होता. म्हातारपणी घराबाहेर काढलेली बाई आणि समोर कायदा जाणणारा नवरा. हे मला चाळीस वर्षे कुणी सांगितले नव्हते, आणि मीही शोधले नव्हते. शिकवणीचे सगळे पैसे त्या एका संध्याकाळी वसूल झाले असे मी मानतो. म्हणून शिकवणीला मी सरसकट नावे ठेवणार नाही.

शिकवणी ही काही आजची गोष्टही नाही. लोकमान्य टिळकांनी फर्ग्युसन कॉलेज सोडल्यावर पोटापाण्यासाठी पुण्यात लॉ क्लासच चालवला होता, वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी. तिथे मुले कायदा शिकत होती, एवढा फरक लक्षात घ्यावा. त्याच टिळकांना १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी. ही गोष्ट आमच्या समाजाच्या कार्यक्रमांत वक्ते हमखास सांगतात आणि टाळ्या घेतात. मीही घेतल्या आहेत. पण भाचीच्या क्लाससाठी मी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला तेव्हा एका जाणत्या माणसाने विचारले, ‘लड़की को वकील बनाके क्या करना है?’ त्याच महिन्यात त्यांच्या घरच्या वलिम्याला बाराशे माणसे जेवली. बिर्याणी चांगली होती, मीही जेवलो.

आता परीक्षा घेणाऱ्यांकडे वळतो. नीट मराठीत देता येते. जेईई मेन मराठीत देता येते. दोन्ही परीक्षा तेरा भाषांत होतात. म्हणजे माझी भाची मराठीत पेपर लिहून डॉक्टर व्हायला निघू शकते, इंजिनीअर व्हायला निघू शकते. पण ज्या धंद्यात रोज तालुक्याच्या कोर्टात मराठीत जबाब लिहायचा, मराठीत साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची, त्या धंद्याच्या सर्वांत नामांकित संस्थांचे दार फक्त इंग्रजीत उघडते. प्रादेशिक भाषांत क्लॅट घ्यावी अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टात दाखल झाली होती. मला ती मागणी रास्त वाटते.

यावर लोक म्हणतात, हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात इंग्रजीच लागते ना? लागते. घटनेच्या ३४८ व्या कलमात तसे आहे. पण ही परीक्षा हायकोर्टात उभे राहायची नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची आहे, आणि पुढे पाच वर्षे शिकवायचे आहे. पाच वर्षांत, वर्षाला लाखो रुपये फी घेऊन, हुशार मुलीला इंग्रजी शिकवता येत नसेल तर ते विद्यापीठ कसले? आणि तेवढा काळ लागतही नाही. आमचा शिक्षक आठवड्याला दोन तासांत तिला किती पुढे घेऊन गेला ते मी पाहिले आहे.

हा प्रश्न आतल्या माणसांनाही दिसला होता. शमनाद बशीर हे बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकलेले, पुढे कायद्याचे नामवंत प्राध्यापक. त्यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ नावाची संस्था सुरू केली. गरीब आणि वंचित घरांतली मुले शोधायची, त्यांना या परीक्षेसाठी फुकट तयार करायचे, प्रवेश मिळाला तर पुढेही सांभाळायचे. २०१९ मध्ये ते गेले. संस्थेचे काम चालू राहिले. पण एका संस्थेने किती मुलांपर्यंत पोहोचायचे? दार अरुंद ठेवायचे आणि आत ओढून घ्यायला एखादा भला माणूस उभा राहील अशी आशा करायची, ही व्यवस्था मला मान्य नाही.

निकालाचे सांगतो. क्लॅटमध्ये भाचीला एकोणऐंशी गुण पडले. हव्या त्या विद्यापीठांत तेवढ्यावर प्रवेश झाला नाही. राज्याची लॉ सीईटी मात्र इंग्रजीबरोबर मराठीतही असते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिच्यात तिला उत्तम गुण मिळाले आणि एका जुन्या, बऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. फी झेपण्यासारखी आहे. ती खूश आहे. मी तिच्याइतका नाही, पण तिला तसे बोलून दाखवत नाही.

दुकानाचा दावा अजून चालू आहे. मागच्या तारखेला सुट्टीत आलेली भाची वडिलांबरोबर कोर्टात गेली होती आणि आता आमचे वकीलसाहेब तिला बसायला खुर्ची देतात. तिची धाकटी बहीण दहावीला आहे. तिलाही लॉच करायचे आहे. मी परवा त्या शिक्षकाला फोन केला, तर तो म्हणाला, आता तासाला सातशे घेतो. मी हो म्हणालो.