आपली पाठ आपल्याला दिसते तेव्हा

लग्नाची व्हिडिओ कॅसेट घरी पहिल्यांदा आली, तेव्हाचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. सगळे कुटुंब टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेले. वधूवर राहिले बाजूला, जो तो पडद्यावर स्वतःलाच शोधतो आहे. आणि स्वतः सापडल्यावर प्रत्येकाच्या तोंडी एकच उद्गार : "अगंबाई, मी अशी चालते?" त्यावर घरातले बाकीचे शांतपणे सांगतात, "अशीच चालतेस. आम्ही रोजच बघतो." माणूस जन्मभर स्वतःच्या शरीरात राहतो, पण आपली पाठ मात्र त्याने कधी पाहिलेली नसते.

मला याची प्रचीती आली ती पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही गोल्फच्या मैदानावर. गोल्फ हा आपल्याकडे साहेबांचा खेळ. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना क्लब. मुंबईत चेंबूरला आणि पुण्यात येरवड्याला मैदाने आहेत, पण तुम्हीआम्ही ती पाहिली ती बहुधा कुंपणाबाहेरून. मीही त्यातलाच. एका स्नेह्याच्या आग्रहाने सरावाच्या जागेवर जाऊन उभा राहिलो आणि मनात म्हटले, यात अवघड ते काय? चेंडू जमिनीवर निवांत बसलेला. कोणी तो अंगावर टाकत नाही, कोणी झेलायला टपलेले नाही. पण त्या निवांत चेंडूने माझी जी फजिती केली, ती शाळेच्या मैदानावर कोणा वेगवान गोलंदाजानेही केली नव्हती.

दोन वर्षे माझे एकच रडगाणे होते. काठी चेंडूच्या माथ्यावर लागायची आणि चेंडू उंदरासारखा गवतातून पळायचा. बघणाऱ्या प्रत्येकाचे निदान ठरलेले : "डोकं वर केलंत!" मी हनुवटी छातीत रुतवली, मान आखडून घेतली, रात्री मानेला मलम चोळले. चेंडू पळायचा तो पळायचाच. शेवटी एका रविवारी माझा भाचा सोबत आला. त्याने फोन समोर धरून माझे चार फटके टिपले आणि संथ गतीने दाखवले. "मामा, तू वर बघतच नाहीयेस," तो म्हणाला. खरेच, माझी नजर शेवटपर्यंत चेंडूवर होती. पण काठी खाली येताना माझी कंबर चेंडूच्या दिशेने पुढे सरकत होती, वाकलेली पाठ ताठ होत होती, आणि त्यामुळे सगळे शरीरच इंच-दोन इंच वर उचलले जात होते. डोके वर जात होते हे खरे, पण ते सर्वांत शेवटी. दुखणे कमरेत होते आणि दोन वर्षे मी मानेवर औषध घेत होतो.

मी शपथेवर सांगितले असते की मी वाकलेलाच राहतो. ते खोटे नव्हते. मला तसेच 'वाटत' होते. वाटणे आणि असणे यांतले हे अंतर गोल्फमध्ये फार मोठे असते. काठी वर नेऊन खाली आणायची, त्यात खाली येण्याला साधारण पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळात हात, खांदे, कंबर आणि गुडघे यांनी काय काय केले, याचा हिशेब मन ठेवू शकत नाही. म्हणून ते सवयीने एक कहाणी रचते आणि आपण तीच खरी धरून चालतो.

बघणाऱ्याचे डोळेही काही फार भरवशाचे नसतात. शेकडो वर्षे चित्रकार धावता घोडा रंगवत आले, पुढचे पाय पुढे ताणलेले आणि मागचे मागे. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून घोड्याच्या दौडीची चित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, पण ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना, हे तेव्हा जगाला दिसले. घोडा सर्वांच्या डोळ्यांसमोर पळत होता, तरी तो कोणाला दिसला नव्हता.

गोल्फने कॅमेऱ्याला लवकर जवळ केले. १९३० साली त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या बॉबी जोन्सने पुढच्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्ससाठी गोल्फ शिकवणारे लघुपट केले. १९३८ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी झगमगत्या दिव्याच्या साह्याने डेन्समोर शूट या खेळाडूचा अख्खा फटका एकाच छायाचित्रात पकडला. काठीच्या डझनावारी प्रतिमा पंख्यासारख्या उलगडलेल्या! पण हे सारे प्रयोगशाळेतले आणि स्टुडिओतले. सामान्य खेळाडूच्या हाती ही सोय आली ती घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे, आणि आता तर ती प्रत्येकाच्या खिशात आहे.

या आरशाचा सर्वांत धीट उपयोग कोणी केला असेल, तर तो टायगर वूड्सने. १९९७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने मास्टर्स ही स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. दुसरा कोणी असता तर त्या विजयाची चित्रफीत पाहुण्यांना दाखवत बसला असता. वूड्सने ती पाहिली आणि त्याला आपल्या फटक्यातले दोषच दिसले. प्रशिक्षक बुच हार्मन यांच्याबरोबर त्याने फटका नव्याने घडवायला घेतला. १९९८ चे सबंध वर्ष त्याला अमेरिकन दौऱ्यावर एकच विजेतेपद मिळाले. वृत्तपत्रे विचारू लागली, या पोराचे झाले तरी काय? उत्तर १९९९ च्या ऑगस्टमध्ये पीजीए स्पर्धेत आले. पाठोपाठ २००० साली त्याने अमेरिकन ओपन पंधरा फटक्यांनी जिंकली आणि २००१ च्या मास्टर्सपर्यंत लागोपाठ चार मोठ्या स्पर्धा खिशात घातल्या.

मधले ते कोरडे वर्ष मला या कथेतले सर्वांत मोलाचे वाटते. आपण चित्रफीत पाहतो, दोष कळतो आणि दुसऱ्या दिवशी चेंडू सरळ जाईल अशी आशा धरतो. तसे होत नाही. २००२ साली ग्वाडाग्नोली, होलकम्ब आणि डेव्हिस या अभ्यासकांनी तीस गोल्फपटूंचे तीन गट केले. एका गटाला शिक्षकासोबत व्हिडिओ दाखवला, दुसऱ्याला फक्त तोंडी सूचना दिल्या, तिसऱ्याला आपापला सराव करू दिला. सराव संपताच घेतलेल्या चाचणीत शिकवलेले दोन्ही गट मागे पडले. आपल्या मनाने खेळणारेच सरस ठरले! पण दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा शिकवलेले पुढे गेले होते आणि व्हिडिओ पाहिलेला गट सर्वांत पुढे होता. जुनी सवय मोडताना हात आधी बिघडतो आणि मग सुधारतो. संगीताच्या शिक्षकाने चुकीची बैठक सुधारायला लावली की चार दिवस गळाच लागत नाही, तसेच हे. ते चार दिवस जो सोसेल, त्यानेच कॅमेऱ्यापुढे उभे राहावे.

आणि उभे राहायचे, तर ते नीट. कॅमेरा हातात धरू नये. तिवईवर, साधारण आपल्या हातांच्या उंचीवर ठेवावा. चित्रे दोन बाजूंनी घ्यावीत : एक आपल्या छातीसमोरून आणि दुसरे चेंडू जिथे मारायचा त्या रेषेत, आपल्या पाठीमागच्या अंगाने. कॅमेरा हातभर इकडेतिकडे सरकला तरी काठीची वाट वेगळीच दिसू लागते आणि नसलेला दोष दिसतो. म्हणून जागा दर वेळी तीच हवी. पाहताना आधी फटका पाहूच नये. पवित्रा पाहावा, म्हणजे पाय किती फाकले आहेत, पाठ किती वाकली आहे, चेंडू कुठे ठेवला आहे हे पाहावे. निम्मे रोग तिथेच सापडतात. मग एकच दोष निवडावा आणि महिनाभर त्याच्याच मागे लागावे. एका बैठकीत सात दोष काढणारा माणूस आठव्या दिवशी काठी माळ्यावर टाकतो.

कॅमेऱ्याला सगळे दिसते, असेही समजू नये. साध्या खेळाडूची काठीसुद्धा ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरते. जुना व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रे घेई. म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये काठी दीड मीटरहून अधिक पुढे निघून जाई. फोनच्या संथ गतीत सेकंदाला २४० चित्रे मिळतात, तरीही मधले अंतर सतरा सेंटीमीटर उरतेच. काठी आणि चेंडू यांची गाठभेट मात्र जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद टिकते. चेंडू कुठे जाणार हे त्या भेटीत ठरते आणि नेमकी तीच बहुधा दोन चित्रांच्या फटीत हरवते. चेंडूचे उड्डाण काय सांगते, हे समजून सांगायला शिक्षक लागतोच.

दुसरा धोका अनुकरणाचा. आपल्या चित्राशेजारी विजेत्याचे चित्र ठेवून रेघा जुळवायचा मोह होतो. अमेरिकेच्या जिम फ्युरिकचा फटका पाहा. काठी वर जाताना एका वाटेने जाते आणि वळसा घेऊन भलत्याच वाटेने खाली येते. कोणत्याही पुस्तकात ते बसत नाही. त्याच फटक्यावर त्याने २००३ ची अमेरिकन ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये अमेरिकन दौऱ्यावर ५८ फटक्यांत फेरी पूर्ण करणारा तो पहिला ठरला. त्याला शिकवणाऱ्या वडिलांनी तो वळसा तसाच राहू दिला. आपल्याकडचा जसप्रीत बुमराहही कोणाच्या साच्यातून निघालेला नाही. दोष आणि वेगळेपण यांतला फरक यंत्राला कळत नाही.

हे सगळे आठवायचे कारण मागच्या महिन्यात पाहिलेले एक दृश्य. सरावाच्या जागेवर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा फटके मारत होता. वडील मागे फोन धरून उभे. प्रत्येक चेंडूनंतर ते त्याला जवळ बोलवत, पडद्यावर बोट ठेवून काहीतरी दाखवत आणि परत पाठवत. पाऊण तासात त्या पोराने एकदाही चेंडू कुठे गेला हे पाहिले नाही; फटका मारला की तो वळून वडिलांच्या चेहऱ्याकडे बघे. त्या बाबांचा हेतू वाईट नव्हता. पण गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली गोल्फ शिकणाऱ्या नवख्यांवर केलेल्या प्रयोगात दिसले ते असे : 'माझे हात कसे हलतात' यावर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा 'काठी कशी झुलते' यावर लक्ष ठेवणारे अधिक चांगले शिकले. स्वतःकडे सतत बघत राहिले की शरीर आखडते. पायऱ्या उतरताना पावलांचा विचार करून पाहा, अडखळल्याशिवाय राहणार नाही.

ही गोष्ट आता गोल्फपुरती उरलेली नाही. नाचाचा वर्ग, क्रिकेटची जाळी, पोहण्याचा तलाव, गाण्याची शिकवणी, सगळीकडे आईबापांचे हात उंचावलेले दिसतात. चित्रण करण्याला माझा विरोध नाही. मला तर त्याने दोन वर्षांच्या भ्रमातून सोडवले. माझे म्हणणे इतकेच की आरसा घरात असावा, पण तो गळ्यात बांधून फिरू नये. आठवड्यातून एकदा चित्र घ्यावे, शिक्षकाबरोबर बसून पाहावे, एक गोष्ट उचलावी, आणि उरलेले सहा दिवस फोन खिशात ठेवून चेंडू कसा उडतो ते पोराला बघू द्यावे. आणि मुलाचा दोष दाखवण्याआधी एकदा स्वतःचे चित्रण मुलाकडून करून घ्यावे. तुम्ही गोल्फ खेळत नसाल, तर बॅडमिंटनचे करा, सूर्यनमस्काराचे करा. पडद्यावर स्वतःला बघताना जो ओशाळेपणा येतो, तो एकदा अनुभवला की दुसऱ्याला सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

माझा चेंडू अजूनही अधूनमधून गवतातून पळतो. बघणारे अजून म्हणतात, "डोकं वर केलंत!" मी मान डोलावतो, आणि पुढच्या वेळी कंबर जागेवर ठेवायचा प्रयत्न करतो. त्या दिवशी घरी आल्यावर मी भाच्याचा तो व्हिडिओ बायकोला मोठ्या कौतुकाने दाखवला. म्हटले, "बघ, मी वाकून उभा राहतच नाही, मधेच ताठ होतो. मला इतके दिवस कळलंच नव्हतं." तिने क्षणभर पाहिले आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात काय नवीन? चूक दाखवली की तुम्ही नेहमीच ताठ होता."